पुलाला कान लावून

रेल्वेच्या लांबच्या प्रवासात मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी एक हिशेब पूर्वी हमखास घातला जाई. आपल्याकडे ब्रॉडगेज रुळाचा एक तुकडा साधारण १३ मीटर लांबीचा असे. दोन तुकड्यांच्या सांध्यात थोडी फट ठेवलेली असे आणि चाक त्यावरून गेलं की 'खटक्' असा आवाज येई. आपल्या आसनाखालून जाणारे सांधे ४७ सेकंद मोजायचे. जितके सांधे, तितका गाडीचा ताशी वेग, किलोमीटरमध्ये! हे ४७ कुठून आले, ते मुलांनाच शोधू द्यावं. (१३ ला ३.६ ने गुणून बघा.)

आता हा हिशेब घालणं अवघड झालं आहे. मुख्य मार्गांवरचे बहुतेक रूळ वितळजोड करून सलग केलेले आहेत. खटका ऐकू येतो तो सांधे बदलताना किंवा यार्डात. रुळाच्या आणि चाकाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण कित्येक पिढ्यांनी ज्याच्या तालावर झोप काढली, तो आवाज हळूहळू नाहीसा झाला आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी त्याची नोंद ठेवली.

"नोंद कसली ठेवायची? गोंगाटच तो!" असं कुणी म्हणेल. पण रूळ, पूल, तारा, उंच इमारती, रोहित्रं अशा शहराच्या सांगाड्याचे आवाज जागेवर जाऊन मुद्रित करणारी आणि त्यांतून कलाकृती घडवणारी माणसं जगात गेली नव्वदेक वर्षं आहेत. या कलेची ओळख आपण या लेखात करून घेऊ. ती विज्ञानाच्या शिक्षकांना जवळची वाटावी याला कारण आहे. तिच्यातली प्रत्येक कृती आठवी-नववीच्या पुस्तकातल्या एखाद्या नियमावर उभी आहे.

आगगाडीचा अभ्यास

१९३० साली जर्मनीतल्या वाल्टर रुटमान या चित्रपटकाराने 'वीकेंड' नावाचा एक अजब चित्रपट केला. त्यात चित्रच नव्हतं! फिल्मच्या पट्टीवर फक्त ध्वनी मुद्रित केलेला होता. बर्लिनमधलं काम थांबतं, सुट्टी लागते, पुन्हा काम सुरू होतं, हे सगळं यंत्रांच्या, गाड्यांच्या आणि माणसांच्या आवाजांतून सांगितलेलं. लांबी जेमतेम अकरा मिनिटं.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९४८ चा. पिएर शेफर हे फ्रेंच नभोवाणीवरचे अभियंते. ते ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर गेले आणि वाफेच्या इंजिनांचे सुस्कारे, शिट्ट्या, डब्यांची खडखड त्यांनी मुद्रित केली. त्यांच्या हाताशी टेप नव्हती, ग्रामोफोनसारख्या तबकड्या होत्या. त्यांवरचे तुकडे पुढेमागे जोडून त्यांनी तीनेक मिनिटांची रचना केली, 'रेल्वेचा अभ्यास'. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती इतर काही रचनांबरोबर नभोवाणीवरून प्रसारित झाली. कार्यक्रमाचं नावच होतं 'गोंगाटाची मैफल'.

शेफर यांच्या हाती एक युक्ती लागली होती. तबकडीवरची खाच सर्पिलाकार पुढे न जाता वर्तुळात बंद झाली, तर सुई तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर तो तुकडा दर ०.७७ सेकंदाला परत येतो. असं झालं की गंमत होते. पहिल्यांदा ऐकताना आपण म्हणतो, 'हा डब्याचा आवाज.' विसाव्यांदा ऐकताना डबा विसरला जातो आणि उरते ती फक्त लय. आवाज ज्याच्यापासून निघाला त्याच्यापासून तो असा सुटा करायचा, ही शेफर यांची रीत.

जागेवरचा आवाज जागेवरच

दुसरी रीत याच्या उलट आहे. आवाज कापायचा नाही, बदलायचा नाही. फक्त योग्य ठिकाणी कान लावायचा आणि ते ऐकणं दुसरीकडे पोचवायचं. अमेरिकेतले बिल फोंटाना ही रीत पन्नास वर्षं चालवत आले आहेत. आपल्या कामाला ते 'ध्वनिशिल्प' म्हणतात.

१९७६ साली ते ऑस्ट्रेलियात होते. सिडनीच्या बंदरात किरिबिली इथे तरंगता काँक्रीटचा धक्का होता आणि त्याच्या तळात लहान लहान गोल आरपार भोकं होती. खालून लाट आली की भोकातली हवा दाबली जाई आणि फुंकर मारलेल्या बाटलीसारखा आवाज येई. फोंटाना यांनी अशा आठ भोकांवर आठ मायक्रोफोन ठेवून एकाच वेळी मुद्रण केलं. लाट एका भोकाकडून दुसऱ्याकडे सरकते तसा आवाजही सरकतो. आठ ध्वनिवर्धकांतून ऐकताना लाटेचा आकार कानांनी कळतो.

१९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाला शंभर वर्षं झाली. त्या पुलाचा वाहनमार्ग तेव्हा पोलादी जाळीचा होता आणि गाड्यांची चाकं त्यावरून जाताना पूल गुणगुणत असे. फोंटाना यांनी जाळीच्या खाली आठ मायक्रोफोन लावले आणि ही गुणगुण जागतिक व्यापार केंद्राच्या एका मनोऱ्याच्या दर्शनी भागावरून थेट ऐकवली.

पूल गुणगुणतो का? समजा, जाळीच्या पट्ट्या ५ सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे. चाकाला सेकंदाला २०० पट्ट्या लागतील आणि २०० हर्ट्झचा स्वर निघेल. वेग दुप्पट केला की वारंवारता ४०० हर्ट्झ, म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात. गाड्या एका वेगाने चालत नसल्याने पुलाचा सूर सतत वरखाली होत राहतो. सगळ्या गाड्या मंद झाल्या की तो खर्जात उतरतो. रुळाच्या खटक्यांचा आपला हिशेब हाच आहे. फक्त इथे खटके इतके दाट आहेत की त्यांचा स्वर झाला.

ऐकू का येत नाही?

ही उदाहरणं हवेतून कानावर येणाऱ्या आवाजांची झाली. पण पुलाच्या पोलादात, तारांत आणि कठड्यांत याहून कितीतरी अधिक कंपनं चाललेली असतात. ती पुलावर उभं राहूनही ऐकू येत नाहीत. असं का व्हावं?

नादकाटा घ्या. तो ठोकून हातात धरला तर अगदी क्षीण ऐकू येतो. त्याचं बूड टेबलावर टेकवा, आवाज एकदम वाढतो. तंबोऱ्याचंही तेच. नुसती ताणलेली तार छेडली तर ती हवेला कापत जाते, ढकलू शकत नाही. तिची कंपनं घोडीवाटे लाकडाला आणि भोपळ्याला मिळतात, तेव्हा मोठा पृष्ठभाग हवेला हलवतो आणि तंबोरा बोलू लागतो.

यामागे आणखी एक कारण आहे. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५ ते ६ हजार मीटर जातो, हवेत सुमारे ३४३ मीटर. घनतेतही हजारो पटींचा फरक. अशा दोन माध्यमांच्या सीमेवर ध्वनितरंगाची बहुतेक ऊर्जा परत फिरते. पोलादातून सरळ येऊन हवेच्या सीमेवर आदळणाऱ्या तरंगाची लाखात चारेक भाग ऊर्जाच हवेत उतरते. बाकीची आतल्या आत घुमत राहते. म्हणजे पूल मुका नाही. आपलं आणि त्याचं माध्यम वेगळं आहे, एवढंच.

मग उपाय सोपा आहे. हवेला मध्ये घ्यायचंच नाही. संवेदक थेट पोलादाला चिकटवायचा. त्यासाठी वापरतात त्यातलं एक साधन म्हणजे त्वरणमापक. त्याच्या एका प्रकारात दाबविद्युत स्फटिकावर एक छोटं वजन बसवलेलं असतं. पृष्ठभाग हलला की स्फटिक हलतो, वजन मात्र जडत्वामुळे मागे राहू पाहतं आणि स्फटिकावर कमीजास्त दाब देतं. दाबाप्रमाणे स्फटिकावर विद्युतदाब निर्माण होतो. तो वाढवून ध्वनिवर्धकाला दिला की पोलादाचं कंपन ऐकू येतं.

लंडनचा डुलणारा पूल

लंडनमध्ये थेम्स नदीवरचा मिलेनियम पूल फक्त पादचाऱ्यांसाठी आहे. मधला गाळा १४४ मीटरचा, आणि तारा इतक्या कमी झोळाच्या की पूल एखाद्या पात्यासारखा दिसतो. १० जून २००० रोजी तो खुला झाला, हजारो माणसं त्यावर लोटली आणि पूल आडवा डुलू लागला. लोकांनी कठडे धरले. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला.

पाय टाकताना आपण जमिनीला खाली दाबतो, तसंच आळीपाळीने डावीउजवीकडेही किंचित ढकलतो. सेकंदाला साधारण दोन पावलं, म्हणून हे आडवं ढकलणं सेकंदाला एकदा, सुमारे १ हर्ट्झ. पुलाच्या आडव्या डोलण्याच्या काही नैसर्गिक वारंवारता नेमक्या याच्या आसपास होत्या. नंतरच्या चाचणीत उत्तरेच्या गाळ्यावर थोडीथोडी माणसं वाढवत नेली. सुमारे १६० पर्यंत पूल जवळजवळ शांत होता. पुढे आणखी काही माणसं येताच डोलणं झपाट्याने वाढलं.

वर्गात आपण हे उदाहरण अनुनादासाठी सांगतो आणि 'सगळ्यांची पावलं एका तालात पडली म्हणून पूल डुलला' असं म्हणतो. ते थोडं सुधारून सांगायला हवं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाप्रमाणे तालात चालणं हे मूळ कारण असायलाच हवं असं नाही. हलत्या जमिनीवर तोल सांभाळण्यासाठी प्रत्येक माणूस पाऊल थोडं इकडेतिकडे टाकतो आणि त्यातून सरासरीने पुलाला थोडी थोडी ऊर्जाच देत राहतो. माणसं पुरेशी झाली की ही ऊर्जा पुलातल्या घर्षणाने शोषलेल्या ऊर्जेपेक्षा वरचढ ठरते. पावलं जुळतात ती पूल डुलू लागल्यावर. पुढे पुलाला जवळजवळ ९० दोलनशामक बसवले गेले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला.

याच पुलाला २००६ साली फोंटाना यांनी कान लावला. पुलाची रचना करणाऱ्या अरूप या अभियांत्रिकी संस्थेच्या सहकार्याने त्यांनी पुलाच्या निरनिराळ्या भागांवर त्वरणमापक बसवले. मिळालेली कंपनं नदीच्या दक्षिण तीरावरच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये आणि साउथवर्क भुयारी स्थानकात थेट ऐकवली. कलाकृतीचं नाव 'हार्मोनिक ब्रिज'. टेट मॉडर्न पूर्वी वीजनिर्मिती केंद्र होतं. टर्बाइन हॉल म्हणजे सुमारे १५० मीटर लांब आणि ३५ मीटर उंच रिकामी जागा. जिथून एके काळी टर्बाइनची घरघर येत असे, तिथे आता पुलाचा घुमारा भरून राहिला. वारा वाढला की तो बदले, माणसं वाढली की बदले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जे डोलणं बदनाम झालं, ते १ हर्ट्झच्या आसपासचं. आपला कान २० हर्ट्झच्या खालचं ऐकत नाही. तेव्हा हॉलमध्ये ऐकू आला तो त्या डोलण्याचा आवाज नव्हता. तारा, कठडे आणि फळ्या यांच्या वरच्या वारंवारतेच्या कंपनांचा होता. मात्र त्वरणमापक तोच, ज्याने अभियंते पुलाचं आरोग्य तपासतात. एकच मापन एकाला आलेख देतं आणि दुसऱ्याला संगीत.

जो मनोरा आता नाही

ब्रुकलिन पुलाचा आवाज १९८३ मध्ये ज्या व्यापार केंद्राच्या मनोऱ्यावरून ऐकवला होता, त्याच केंद्रात १९९९ साली स्टीफन व्हिटिएलो या कलावंताला ९१ व्या मजल्यावर सहा महिने काम करायला जागा मिळाली. इतक्या उंचीवर खिडक्या उघडत नाहीत. आत शांतता. त्यांनी काचेला स्पर्श-मायक्रोफोन चिकटवले आणि काचच त्यांचा कान झाली. खालची रहदारी, जवळून जाणारी विमानं ऐकू येऊ लागली. सप्टेंबर १९९९ मध्ये फ्लॉइड हे चक्रीवादळ येऊन गेलं, तेव्हा वाऱ्याने मनोरा डुलत होता आणि त्याचा सांगाडा जुन्या लाकडी जहाजासारखा करकरत होता. ते त्यांनी मुद्रित केलं.

११ सप्टेंबर २००१ रोजी ते मनोरे कोसळले. त्यांची छायाचित्रं लाखो असतील. पण वाऱ्यात ती इमारत आतून कशी बोलत असे, हे अशा मोजक्या मुद्रणांतच उरलं आहे. मुद्रण करताना व्हिटिएलो यांना याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. नोंद ठेवताना तिची किंमत बहुधा कळत नाही.

न ऐकू येणारं शहर

शहराच्या सांगाड्यात काही असंही आहे की ज्याचं कंपनच होत नाही, तरी ते ऐकता येतं. जर्मन कलावंत क्रिस्टिना कुबिश २००४ पासून निरनिराळ्या शहरांत 'इलेक्ट्रिकल वॉक्स' घडवतात. श्रोत्यांना त्या खास हेडफोन देतात. त्यांत मायक्रोफोन नसतो, तारेची वेटोळी असतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वेटोळं धरलं की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं हे विद्युत चुंबकीय प्रवर्तन. ते हेडफोन घालून एटीएमजवळून, ट्रामखालून, दुकानाच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या चौकटीतून जाताना प्रत्येकाची वेगळी गुणगुण आणि टकटक ऐकू येते.

रोहित्र मात्र उघड्या कानांनाही ऐकू येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, पण रोहित्र घुमतं १०० हर्ट्झने. चुंबकत्वामुळे गाभ्याच्या पत्र्यांची लांबी किंचित बदलते आणि हा बदल चुंबकत्वाच्या दिशेवर अवलंबून नसतो. म्हणून एका आवर्तनात तो दोनदा होतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथलं रोहित्र १२० हर्ट्झने घुमतं. मुंबईचं रोहित्र षड्ज धरलं, तर न्यूयॉर्कचं कोमल गंधार लावतं!

यात कला कुठे आहे?

हा प्रश्न वर्गात येणारच, आणि तो रास्त आहे. पूल तर स्वतःच वाजतो; कलावंताने काय केलं?

छायाचित्रकाराला आपण असं विचारत नाही. डोंगर त्याने बनवलेला नसतो, पण कुठे उभं राहायचं ते त्याने ठरवलेलं असतं. इथेही तसंच. संवेदक तारेवर लावायचा की कठड्यावर, यावर काय ऐकू येणार ते ठरतं. दोन आवाज शेजारी ठेवले की तिसरा अर्थ निघतो. आणि आवाज कुठे ऐकवायचा, ही निवड सर्वांत मोठी. पुलाचा आवाज पुलावरच ऐकवला असता तर कुणी वळून पाहिलं नसतं. तो एका शांत, प्रचंड दालनात आणला, म्हणून लोक थांबले. बाहेर पडून पुलावरून परत जाताना त्यांची पावलं नक्कीच थोडी जपून पडली असतील.

वर्गात करून पाहा

१. दीड हात दोऱ्याच्या मध्यभागी स्टीलचा चमचा बांधा. दोऱ्याची टोकं दोन्ही तर्जन्यांना गुंडाळून बोटं कानांवर अलगद धरा. चमचा टेबलाच्या कडेला आपटा. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा मुलं "देवळातली घंटा!" असं ओरडली. मग बोटं कानांपासून दूर करून पुन्हा आपटा. फरक का पडला, हे मुलांनाच सांगू द्या.

२. शाळेच्या लांब लोखंडी कठड्याला एका टोकाला कान लावा. मित्राला दुसऱ्या टोकाला नाण्याने हलकेच ठोकायला सांगा. कठडा पुरेसा लांब असेल तर एका ठोक्याचे दोन आवाज येतात. पहिला लोखंडातून, दुसरा हवेतून. ५० मीटरला हवेतून साधारण ०.१५ सेकंद लागतो. लोखंडातून किती, ते काढा.

३. म्युझिकल ग्रीटिंग किंवा बझरमध्ये पितळी रंगाची पातळ पीझो चकती असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातही ती स्वस्तात मिळते. तिला दोन तारा डाखून शाळेच्या अॅम्प्लिफायरच्या माइकच्या खोबणीत जोडा आणि चिकटपट्टीने बाकाला लावा. बाकावर पेन्सिलीने लिहून बघा. मग पाण्याच्या नळाला, पाऊस पडत असताना पत्र्याच्या पन्हळीला लावा. मोबाइलवर मुद्रण करून ठेवा.

रेल्वेचे रूळ, विजेचे खांब, रोहित्रं आणि रहदारीचे पूल यांच्याजवळ हे प्रयोग मुळीच करू नयेत. शाळेचं आवार पुरे आहे.

४. आवाजांची एक नोंदवही सुरू करा. तारीख, वेळ, जागा, संवेदक कुठे लावला, आणि आवाज कसा वाटला याचं दोन ओळींत वर्णन. पहिल्या पानावर काहीच विशेष नसेल: पिण्याच्या पाण्याची टाकी भरतानाचा नळाचा आवाज, जिन्याच्या कठड्यावर मधल्या सुट्टीतली धावपळ, पंप बंद होतानाची शेवटची घरघर. असू द्या. पाच-सात वर्षांनी टाकी बदललेली असेल, पंप नवा आलेला असेल, आणि कुणीतरी मूल ती वही उघडून विचारेल, "सर, आपला जुना पंप असा वाजायचा?"